मुलांच्या दाढांचं सीलंट आणि घरातलं प्लॅस्टिक: कुठली काळजी आधी, कुठली नंतर

कीड लागू नये म्हणून दाढांवरच्या खाचा बुजवायला लावतात ते सीलंट म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच ना, मग ते पोरांच्या तोंडात कशाला घालायचं, असं मला इतक्या आईबाबांनी विचारलंय की शेवटी सगळं एकदा क्रमाने लिहून काढावं म्हटलं. प्रश्न रास्त आहे. चुकतो तो क्रम. दाढेवर एकदाच लागणाऱ्या थेंबभर रेझिनला (पातळ लावतात आणि मग कडक होतं ते प्लॅस्टिकसारखं द्रव्य) घाबरून सीलंट रद्द होतं, त्याच घरात रोज रात्री मुलाचं गरम दूध ओरखडे पडलेल्या जुन्या प्लॅस्टिकच्या मगात ओतलं जातं, मग काही महिन्यांनी त्या दाढेला कीड लागते आणि फिलिंग करावं लागतं, आणि दाताच्या रंगाचं ते फिलिंग बहुतेक वेळा सीलंटच्याच जातीच्या रेझिनचं असतं आणि सीलंटपेक्षा कितीतरी जास्त लागतं. म्हणजे जे टाळायला गेलो तेच जास्त आलं.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिले तीन घरचे आहेत, पुढचे दवाखान्यातले, शेवटचे परत घरचे.

## टप्पा १: नेमकी काळजी कशाची, ते आधी ठरवा

"केमिकल" या एका शब्दात सगळं कोंबलं की काहीच करता येत नाही. पालकांनी लक्ष ठेवायची नावं मुख्यतः दोन.

एक बीपीए, म्हणजे बायस्फेनॉल ए. काचेसारखं कडक, पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक, डब्बाबंद खाण्याच्या टिनला आतून असलेलं इपॉक्सीचं अस्तर आणि दुकानातल्या काही गुळगुळीत थर्मल पावत्या, इथे ते सापडतं. दुसरं थॅलेट्स, जे मुख्यतः पीव्हीसी मऊ करायला घालतात, म्हणजे मऊ रबरी वाटणारी स्वस्त खेळणी, चादरीसारखं प्लॅस्टिक, नळ्या वगैरे. दोन्ही शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करू शकतात म्हणून लहान मुलांच्या बाबतीत जास्त जपायचं.

सीलंटमध्ये थॅलेट्सचा विषय जवळपास नसतो, तिथे प्रश्न बीपीएचा, आणि तोही वेगळ्या वाटेने येतो, ते टप्पा ४ मध्ये.

प्लॅस्टिकमधून हे बाहेर कधी येतं? उष्णता, तेल किंवा आंबट पदार्थ, घासून पडलेले ओरखडे, आणि अन्न त्यात किती वेळ राहिलं ते. या चार गोष्टी लक्षात ठेवल्या की घरातले निम्मे निर्णय आपोआप होतात. थंड कोरडी बिस्किटं प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली म्हणून रात्रीची झोप घालवायचं काही कारण नाही. उकळतं सूप ओतलं तर आहे.

## टप्पा २: स्वयंपाकघर, एकाच संध्याकाळी

सगळं प्लॅस्टिक ओट्यावर काढा आणि प्रत्येक भांडं उलटं करा. तळाशी त्रिकोणात आकडा असतो.

२, ४ आणि ५ हे आकडे म्हणजे पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, हे बनवायला बीपीए लागत नाही. थंड आणि कोमट वापरासाठी ठेवा. १ म्हणजे पाण्याची पातळ बाटली, ती एकदाच वापरायला बनवलेली असते, त्यात गरम काही भरू नका, उन्हात तापलेल्या गाडीत विसरू नका. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, खाण्यापासून लांब. ७ म्हणजे "इतर", इथे लोक हमखास घसरतात, कारण ७ मध्ये पॉलिकार्बोनेट पण येतं आणि ज्यात बीपीए अजिबात नाही अशी प्लॅस्टिक्स पण येतात. म्हणून ७ आकडा, भांडं काचेसारखं कडक पारदर्शक, जुनं, आणि बीपीए नसल्याचं कुठेही लिहिलेलं नाही, असं सगळं जुळलं तर ते खाण्यापिण्यातून काढा. आकडाच नसेल तर ते अनोळखी समजा आणि त्यात पेन्सिली ठेवा.

आता वेगळी रास करा: ज्याला ओरखडे आहेत, जे धुरकट झालंय, ज्याला धुतल्यावरही वास येतो. आकडा कुठलाही असो, ही रास मुलांच्या खाण्यातून बाद.

इथे होणाऱ्या चुका. "मायक्रोवेव्ह सेफ" वाचून निर्धास्त होणं ही सगळ्यात मोठी. त्या शिक्क्याचा भर भांडं वितळणार नाही, वाकणार नाही यावर असतो, त्यातून काहीच झिरपणार नाही अशी ती हमी नव्हे. गरम करायचं ते काचेत किंवा सिरॅमिकमध्ये, थोडं निवलं की मग काय हवं त्यात काढा. मुलांच्या रंगीत मेलामाइनच्या ताटल्या तर मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही, आणि त्यात खूप गरम आंबट पदार्थही नको.

दुसरी चूक "बीपीए फ्री" वर डोळे झाकून विश्वास. काही वस्तूंमध्ये बीपीए काढून त्याचंच भावंड बीपीएस घातलेलं असतं, आणि तेही हार्मोनच्या बाबतीत फार वेगळं वागत नाही. तिसरी चूक, घाबरून एका दिवसात सगळं फेकून देणं, मग पैसे संपतात आणि महिन्याभरात परत तेच डबे घरात येतात. आधी फक्त तीन वस्तू बदला: ज्यातून मूल रोज गरम काही पितं ती, ज्यात अन्न गरम होतं ती, आणि शाळेत गरमागरम भरून जातो तो डबा. स्टील किंवा काच. बस.

आणि दुकानातली गुळगुळीत पावती मुलांच्या हातात खेळायला देऊ नका, खास करून हाताला सॅनिटायझर लावल्यावर लगेच, कारण मग त्वचेतून शोषलं जाण्याचं प्रमाण वाढतं.

तपासा: आज रात्री मुलाच्या पोटात गेलेलं गरम काहीही प्लॅस्टिकमधून गेलं का? उत्तर "नाही" आलं की पुढे जा.

## टप्पा ३: दाढ आलीय का, हे स्वतः बघा

पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या वर्षाच्या आसपास. आणि इथेच सगळ्यात जास्त आईबाबा फसतात, कारण पहिली दाढ येताना कुठलाच दुधाचा दात पडत नाही. ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे गुपचूप उगवते. पडलं काहीच नाही म्हणून आपण तिला दुधाची समजतो, "पडेलच की उद्या" म्हणून सोडून देतो, आणि ती तर आयुष्यभर राहणार असते.

मोबाइलचा टॉर्च लावा, मुलाला मोठ्ठा आ करायला सांगा, एका बाजूच्या फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या दाढा मोजा. दुधाच्या दाढा दोनच असतात. तिसरी दिसली की ती कायमची.

तिच्यावरच्या खाचा बघा. त्या इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस आतपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे "आम्ही दोनदा घासतो" हे खरं असूनही त्या खाचेत अन्न बसलेलंच राहतं. मुलांच्या कायमच्या दातांतल्या दहापैकी साधारण नऊ किडी मागच्या दाढांमध्येच होतात, आणि सीलंट लावल्यावर पहिल्या दोन वर्षांत तिथल्या सुमारे ८० टक्के किडी टळतात, असे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे आकडे आहेत. हे सांगायचं कारण एवढंच की "नको" म्हणायचीही किंमत असते आणि ती मूल मोजतं.

थांबा: दाढेचा मागचा भाग अजून हिरडीखाली झाकलेला असेल तर साधं रेझिन सीलंट घाईने लावून घेऊ नका. तिथे दाढ कोरडी राहत नाही आणि सीलंट निघून येतं. डॉक्टर एक तर थोडं थांबतील किंवा तात्पुरतं ग्लास आयनोमर (सीलंटचाच दुसरा प्रकार, टप्पा ४ मध्ये) लावतील.

## टप्पा ४: अपॉइंटमेंटच्या दोन-तीन दिवस आधी विचारा

खुर्चीत बसल्यावर विचारू नका. तेव्हा मूल रडवेलं असतं, डॉक्टरांच्या हातात ट्रे असतो आणि उत्तर "काही होत नाही हो" एवढंच मिळतं. आधी फोन करा किंवा मेसेज टाका, साधारण असा:

"डॉक्टर, तुम्ही जे सीलंट वापरता त्याचं नाव आणि त्यासोबत येणाऱ्या माहितीपत्रकाचा फोटो पाठवाल का? त्यात बिस-डीएमए आहे का एवढं मला बघायचंय."

बिस-डीएमए हे नाव कागदावर लिहून ठेवा, कारण सगळं इथे अडतं. रेझिन सीलंटमध्ये नेहमी दिसणारी नावं म्हणजे बिस-जीएमए, यूडीएमए, टीईजीडीएमए आणि काहींत बिस-डीएमए. लाळेतली एन्झाइम्स बिस-डीएमए तोडू शकतात आणि तो तुटला की बीपीए सुटतं. बिस-जीएमएची जोडणी वेगळी, ती लाळेत अशी तुटून बीपीए होत नाही, मात्र ते बनवताना बीपीए वापरलेलं असल्यामुळे अगदी सूक्ष्म अंश मागे राहू शकतो. दोन्ही नावं "बिस" ने सुरू होतात म्हणून दोन्हीला सारखंच घाबरायचं, हे चूक. २००६ मध्ये एका अभ्यासात १४ पुरुषांना दोन वेगळी सीलंट लावून लाळ आणि लघवी तपासली होती, त्यात एकाने बीपीए स्पष्ट वाढलं आणि दुसऱ्याने जवळपास नाही. म्हणून "सीलंट चांगलं की वाईट" असं विचारून हाती काही लागत नाही, कुठलं सीलंट ते विचारायचं.

प्रमाणाचा अंदाज पण हवा. २०१६ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने १२ सीलंट प्रयोगशाळेत तपासली, त्यातून सुटणाऱ्या बीपीएचा त्यांनी दिलेला आकडा ०.०९ नॅनोग्रॅम होता. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग. आता युरोपची अन्नसुरक्षा संस्था एफसा, जी या बाबतीत सगळ्यात कडक आहे, तिने २०२३ मध्ये बीपीएची रोजची मर्यादा एकदम खाली आणून वजनाच्या दर किलोमागे ०.२ नॅनोग्रॅम केली. २० किलोच्या मुलासाठी दिवसाला ४ नॅनोग्रॅम. म्हणजे इतक्या कडक मापातही तो आकडा बसतो, आणि ती मर्यादा रोज आयुष्यभर पोटात जाण्यासाठीची आहे, सीलंट तर एका दिवसाचं काम. पण हेही खरं की एवढ्या कडक मर्यादेपुढे रोजच्या खाण्यातून येणारं बीपीएच अनेकांचं जास्त भरतं, म्हणूनच मी टप्पा २ आधी ठेवलाय.

ग्लास आयनोमर हा दुसरा पर्याय. साध्या ग्लास आयनोमरमध्ये रेझिन नसतं, बीपीएचा प्रश्नच नाही, वरून थोडं फ्लोराइड सुटतं. पण ते रेझिनइतकं टिकत नाही, परत लावायची तयारी ठेवावी लागते. आणि एक खाच इथेही आहे, बाजारात रेझिन मिसळलेलं ग्लास आयनोमर पण असतं, म्हणून नुसतं "ग्लास आयनोमर लावा" न म्हणता "साधं की रेझिन घातलेलं" असं विचारा.

मुलाला आधी कधी अ‍ॅक्रिलिक किंवा रेझिनची अ‍ॅलर्जी आली असेल तर ते याच मेसेजमध्ये लिहा. आणि घरात कोणी गरोदर असेल, तिचं स्वतःचं रेझिनचं काम घाईचं नसेल, तर बाळंतपणानंतर करता येईल का ते डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

तपासा: सीलंटचं नाव कळलं, बिस-डीएमए नाही हे दिसलं, अ‍ॅलर्जी सांगून झाली. तिन्ही झालं की जा.

## टप्पा ५: खुर्चीत काय, कशानंतर

तुम्ही डॉक्टरांना शिकवायला जात नाही आहात, पण क्रम माहीत असला की कुठे गडबड झाली ते कळतं.

आधी दाढ साफ होते. मग कापसाच्या गुंडाळ्या किंवा रबरी पडदा लावून दाढ लाळेपासून वेगळी करतात, सक्शन चालू राहतं. मग निळसर किंवा हिरवट जेल लावतात, ते साधारण ३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड, साधारण १५ ते ३० सेकंद. "अ‍ॅसिड" ऐकून दचकू नका, इनॅमल किंचित खरबरीत केल्याशिवाय सीलंट धरत नाही. मग भरपूर पाण्याने धुतात, हवेने वाळवतात.

आता डॉक्टरांना विनंती करून आरशात बघा. नीट झालं असेल तर ती दाढ खडू फासल्यासारखी मलूल पांढरी दिसते. चमकत असेल तर जेल परत लावायला हवं. आणि या पांढऱ्या दाढेला लाळेचा एक थेंब जरी लागला तरी परत जेल, परत धुणं, परत वाळवणं.

माझ्या मुलीच्या पहिल्या वेळी नेमकं हेच झालं. कापूस भिजला, तिची जीभ सारखी तिकडे जात होती, दवाखान्यात गर्दी होती, आणि जेल परत न लावता तसंच पुढे गेलं. मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा माहीत नव्हता. चार महिन्यांनी ब्रश करताना तिच्या हातावर नखाच्या तुकड्यासारखं पांढरं काहीतरी आलं, "आई, दात तुटला". दात नव्हता, सीलंट होतं. सगळं परत करावं लागलं, म्हणजे रेझिन एकदा ऐवजी दोनदा लागलं. म्हणून म्हणते, बीपीए कमी ठेवायचा एक अगदी साधा उपाय म्हणजे काम पहिल्याच वेळी कोरडं आणि नीट होणं.

वाळल्यावर सीलंटचा पातळ थर, मग निळा लाइट. लाइटचे सेकंद सीलंट आणि मशीन बघून ठरतात, ते कमी करू नयेत, कारण अर्धवट कडक झालेल्या रेझिनमधूनच जास्त झिरपतं. मूल कंटाळलं म्हणून "झालं ना डॉक्टर?" अशी घाई आपणच करायची नाही. मग डॉक्टर टोकदार अवजाराने कडा तपासतात.

आधी घरी सराव: दोन दिवस खेळ म्हणून मुलाला एक मिनिट तोंड उघडं ठेवून नाकाने श्वास घ्यायला लावा, आणि चूळ भरून *थुंकायला* शिकवा. सहा वर्षांची बरीच मुलं चूळ गिळून टाकतात, आणि पुढच्या टप्प्यात तेच नको असतं.

## टप्पा ६: शेवटचं अर्धं मिनिट, जे सगळे विसरतात

सीलंट लाइटने कडक झालं तरी त्याचा सगळ्यात वरचा पातळ थर कच्चाच राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन तिथलं रेझिन पूर्ण जुळू देत नाही. बोट लावलं तर चिकट लागतो. सुटून लाळेत जाण्यासारखं जे काही असतं ते मुख्यतः याच थरात. तो तिथल्या तिथे काढला तर मुलाच्या पोटात जाणारं प्रमाण कमी होतं.

कसा काढायचा: ओल्या कापसाने किंवा प्युमिसच्या (बारीक खरबरीत पूड) पेस्टने दाढ नीट पुसायची, पाण्याचा फवारा मारून सक्शनने ओढून घ्यायचं, आणि मग मुलाने अर्धं मिनिट चूळ खळखळवून थुंकायची. बेसिनमध्ये. गिळायची नाही.

हे आधीच मेसेजमध्ये सांगून ठेवा: "शेवटी वरचा थर पुसून चूळ भरून घ्याल ना?" दुसऱ्या वेळी मी विचारलं तेव्हा डॉक्टर लगेच हो म्हणाले, त्यात नाराज होण्यासारखं काही नाहीच. मुलीने तीन चुळा भरल्या, मोजून.

थांबा: चूळ न भरता मूल खुर्चीतून उतरलं तर परत बसवा. घरी जाऊन भरू म्हणालात तर वाटेत त्याने दहादा गिळलेलं असतं.

## टप्पा ७: त्या दिवशी घरी

सीलंट लाइटने तिथेच कडक झालेलं असतं, त्यामुळे खाणंपिणं लगेच चालतं, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर तसं करा. ग्लास आयनोमर असेल तर किती वेळ थांबायचं ते विचारून घ्या. "दात उंच लागतोय" असं मूल म्हणेल, बहुतेकदा दोन-तीन दिवसांत ते बसतं, नाही बसलं तर फोन करा, जास्तीचं घासून देतात.

लाळेतलं बीपीए वाढतं ते मुख्यतः पहिल्या काही तासांत, शरीर ते लघवीतून बाहेर टाकतं आणि साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक निघून गेलेलं असतं. म्हणून कुठलेही डिटॉक्सचे काढे, पावडरी मुलाला पाजू नका, त्याचा काही उपयोग नाही. लघवीची बीपीए टेस्ट करायच्याही मागे लागू नका, तो आकडा एकाच दिवसात वरखाली होतो आणि शेवटचं काय खाल्लं एवढंच सांगतो. त्या दिवशी भरपूर पाणी, आणि रात्रीचं गरम दूध स्टीलच्या पेल्यात.

## टप्पा ८: सहा महिन्यांनी

सीलंट लावलं की विषय संपला असं धरून बसणं ही शेवटची आणि फार महागात पडणारी चूक. कोपरा निघाला तर त्याखाली अन्न अडकतं. दर सहा महिन्यांच्या तपासणीत डॉक्टरांना "सीलंट पूर्ण आहे का" हे वेगळं विचारा. कोपरा गेला असेल तर तेवढाच दुरुस्त होतो, सगळं काढून नव्याने करायची गरज बहुतेक वेळा नसते, आणि दुरुस्तीलाही टप्पा ५ आणि ६ तसेच लागू, चुळेसकट.

मधल्या काळात तुकडा निघाला आणि मुलाने गिळला तर घाबरू नका. तो कडक झालेला कण असतो, शौचावाटे निघून जातो. मूल खोकत असेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल तर मात्र ताबडतोब दवाखाना. एरवी टॉर्च घ्या, कुठल्या दाढेचा निघाला ते बघा, फोटो काढून डॉक्टरांना पाठवा आणि त्याच आठवड्याची वेळ घ्या. बाराव्या वर्षाच्या आसपास त्याच टॉर्चने एका बाजूच्या मागे अजून एक दाढ आलीय का ते बघायचं, आणि टप्पा ३ पासून परत.